मनालीच्या वाटणीचं पिंप

हरिहरेश्वर
१२ जानेवारी २०२५

चि. गणराज,
आत्याचा आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसती "हो, हो" करत होते. खरं सांगते, तू काय बोललास त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. फोन स्पीकरवर होता आणि शेजारी भागुबाई खानावळीच्या पोळ्या लाटत होती. ती नंतर म्हणाली, "ताई, त्यांनी इचारलं तब्येत बिघडलीय का, आन् तुम्ही हो हो काय म्हणता?" तेव्हा काळजी करू नकोस, तब्येत धडधाकट आहे. कान गेलेत.

डावा गेला त्याला वर्ष होऊन गेलं. आता उजवा चाललाय. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथे दोन पेट्यांत डोकं घालून तपासलं. नस सुकतेय म्हणे. यंत्र लावून बघितलं, तर भांड्यांचा खणखणाट तेवढा वाढला, माणसाचं बोलणं आहे तिथेच. डॉक्टर म्हणाले, उजवा कान हे वर्ष काढेल, पुढचं सांगता येत नाही. सध्या एवढंच आहे की कुणी अगदी उजव्या कानाशी येऊन बोललं तर मला कळतं. आवाजही ओळखता येतो. फोनवर मात्र हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं होतं. म्हणून आता तू मला पत्र लिहायचं. तुझ्या काकांनी जन्मभर या गावात टपाल वाटलं, त्यांच्या घरात पत्र यायला काय हरकत आहे?

यातलं मनालीला काही कळवायचं नाही. तुला माझी शपथ आहे. तिला मी फोनवर "आवाज तुटतोय" म्हणून सांगते आणि ठेवून देते. तिला वाटतं रेंज नाही.

ती का येत नाही ते तुला अर्धंच ठाऊक आहे. निसर्ग वादळात आपली सुपारीची वाडी आडवी झाली, त्या धसक्यानं चार महिन्यांत तुझे काका गेले. तेव्हा विमानं बंद, ती हॅम्बुर्गला अडकलेली. तेराव्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मी देवापाशी दिवा लावत होते. ती रडत म्हणाली, "आई, हे वादळ आपल्याच धुरानं आणलं. मी आता विमानात पाय ठेवणार नाही." माझ्या हातात पेटती काडी होती, गणराज. तिन्हीसांजेला, दिव्यासमोर बोललेला शब्द. घरावरचा वास्तुपुरुष तेव्हा तथास्तु म्हणतो, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. पाच वर्षं होत आली, तिनं शब्द पाळलाय. मी आई होऊन तो मोडायला कशी लावू?

आता मुद्द्याचं. कोहाळ्याच्या भाजीची पुडी बांधून आली त्या वर्तमानपत्रात मी वाचलं की धुरातला कार्बन धरून त्याचं विमानाचं इंधन करतात. तू मुरुडच्या रस्त्यावर त्याच कामाला आहेस ना? मग मला एवढंच कळव की ते कधी तयार होणार. त्या इंधनाच्या विमानात मनाली बसली तर तिचा शब्द राहील. मला तिचा आवाज एकदा उजव्या कानाशी ऐकायचाय, कान आहे तोवर.

उलट टपाली लिही.
आत्या


मुरुड
२१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
गणराजचा नमस्कार, तोही दोन्ही हात जोडून, कारण उलट टपाली लिहायचं जमलं नाही.

कानाचं वाचून मी दोन दिवस चिडचिडलो. एवढं होईपर्यंत सांगितलं नाहीस! शपथ घातलीस म्हणून गप्प बसतो, पण मला ते पटलेलं नाही.

हो, मी त्याच कामाला आहे. आमचा कारखाना म्हणजे फार मोठं काही समजू नकोस. तुझ्या वाडीच्या अर्ध्या जागेत मावेल. शेजारच्या कारखान्याच्या धुराड्यातून आम्ही कार्बन डायऑक्साइड धरून आणतो. छतावरच्या सोलरच्या विजेनं पाणी फोडून त्यातून हायड्रोजन काढतो. दोन्ही वायू तापवून एका उंच नळकांड्यात सोडतो. त्या नळकांड्यात एक भुकटी असते, तिला आम्ही उत्प्रेरक म्हणतो, तू विरजण म्हण. दुधाचं दही करायला विरजण लागतं ना, तसं वायूचं तेल करायला ही भुकटी. विरजण चांगलं तर सगळं चांगलं. खालून निघतं ते गाळून-उकळून शेवटी जे हाती येतं ते पाण्यासारखं स्वच्छ असतं. विमानात ते जळलं की जो धूर होतो तो आपण आधीच धुराड्यात अडवलेला असतो. जमाखर्च जवळपास बरोबरीत.

सगळी जोडणी झालीय. मार्चमध्ये सुरू करतोय. मी तुला सांगतो, गणपतीला मनाली तुझ्या ओटीवर मोदक वळत बसलेली असेल!

पण आत्या, एक सरळ उपाय आहे. तू तिला "ये" असं का म्हणत नाहीस? दोन अक्षरंसुद्धा नाहीत त्यात.

तुझा
गणराज


हरिहरेश्वर
३ मार्च २०२५

चि. गणराज,
आशीर्वाद.

महाशिवरात्रीला पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या खानावळीत पहाटेपासून साबुदाण्याची खिचडी, आणि मागणारे काय म्हणतात ते मला कळेना. भागुबाईनं युक्ती केली. लोकांना बोटं दाखवायला सांगितली. एक बोट खिचडी, दोन बोटं चहा. एका पुणेकरानं तीन बोटं दाखवली, त्याला काय द्यायचं यावरून आम्ही दोघी अजून हसतोय. हे सगळं आटोपल्याशिवाय कागद हाती धरता आला नाही, म्हणून उशीर.

"ये" म्हण, असं तू लिहिलंस. तुला काय वाटतं, मला म्हणावंसं वाटत नाही? दर रविवारी तिचा फोन आला की तो शब्द माझ्या ओठावर येतो आणि मी गिळते. मी म्हटलं आणि ती आली, आणि शब्द मोडल्याचं काही तिच्या अंगावर आलं, तर मी कुणाकडे बघू? तुम्ही शिकलेली माणसं हसाल. हसा. एक माणूस गमावून बसलेय मी, आता खेळ करायची माझी हिंमत नाही.

तिच्याकडूनही येण्याचा विषय निघत नाही. ती हवामान विचारते, मी हवामान सांगते.

आता मला हे सांग. अख्ख्या विमानाचं तेल मला नकोच आहे. बाकीच्या लोकांचं ते बघून घेतील. एकट्या मनालीला आणायला किती लागतं? तिच्या वाटणीचं तेवढं तयार झालं तरी माझं काम झालं.

आत्या

ता. क. ते तेल म्हणजे रॉकेलच ना? भागुबाई म्हणते, रॉकेलच असणार. आम्ही दोघींनी रेशनच्या रांगेत इतकं रॉकेल भरलंय, तेव्हा कुणी सांगितलं असतं की यावर विमान चालतं, तर जरा ताठ उभ्या राहिलो असतो.


मुरुड
१४ मार्च २०२५

ती. आत्यास नमस्कार.

तुझा प्रश्न मी आमच्या हेमांगी मॅडमना वाचून दाखवला. त्या इथल्या प्रमुख, एरवी हसत नाहीत. त्या हसल्या नाहीत, उलट लगेच कागद ओढून हिशोब करायला बसल्या. म्हणाल्या, "या बाईंनी विचारलंय तो प्रश्न आपण सगळ्यांनीच विचारायला हवा होता."

तर ऐक. हॅम्बुर्ग ते मुंबई अख्खं विमान आणायचं इंधन आमचं यंत्र काढत बसलं तर मी म्हातारा होऊन निवृत्त होईन. हे मी आधी लिहायला हवं होतं, पण तुझं पत्र वाचून माझी जीभ जरा घसरली. मात्र एका माणसाच्या वाटणीला येतं फक्त दोनशे लिटरच्या आसपास. म्हणजे एक पिंप! आपल्या अंगणात लग्नाला पाण्याचं भरून ठेवतो ना, तेवढं. यंत्र न थांबता चाललं तर दोन-अडीच महिन्यांचं काम.

आणि हो, रॉकेलचंच भावंड आहे. भागुबाईंना सांग, त्यांनी ताठच उभं राहावं.

मी एक नवं निळं पिंप धुऊन-वाळवून गाळणीच्या खोलीत ठेवलंय. त्यावर खडूनं "मनाली" लिहिलंय. पोरं विचारतात, कोण ही? मी म्हणतो, प्रवासी.

मशीन सुरू करायच्या दिवशी नारळ फोडायचा असतो. मॅडम म्हणाल्या, त्या आत्यांनाच बोलवा. २४ तारखेला ये. दिघीला फेरीबोटीत बस, आगरदांड्याला मी गाडी घेऊन उभा असेन.

गणराज


हरिहरेश्वर
९ एप्रिल २०२५

चि. गणराज,
आशीर्वाद.

तुमचा कारखाना बघून आले तेव्हापासून माझं घरात लक्ष नाही. आमटी दोनदा लागली.

नारळ एका फटक्यात फुटला, त्याचं मला समाधान आहे. हेमांगी आवडली. ती माझ्या उजव्या कानाशी येऊन बोलली, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी. आणि ती काचेची नळी! तिच्यातून थेंब पडायचा, मग दुसरा कधी पडतोय म्हणून वाट बघायची. मला राहवेना. वाटलं, त्या नळकांड्याला दोन धपाटे घालावेत, म्हणजे भराभर गळेल. पोर पान्ह्याला लागत नाही तेव्हा होतो तसा जीव कासावीस व्हायला लागला.

येताना बोटीत एक गोष्ट झाली. आगरदांड्याहून बोट सुटली तेव्हा मी कठड्याशी उभी होते. लाटा आपटत होत्या, फेस उडत होता, तोंडावर पाणी येत होतं, आणि मला समुद्र ऐकू येत नव्हता. जाताना येत होता, गणराज. थोडासा, पण येत होता. मी पन्नास वर्षं या समुद्राला शिव्या घालतेय की झोपू देत नाही. आता रात्रभर पडून असते, झोप येत नाही, कारण तो गप्प झालाय.

मला भीती वाटते. लिहून टाकते, बोलायला कुणी नाही. मनालीचा आवाज मला आठवतो का म्हणून मी मधूनमधून तपासून बघते. लहानपणचा आठवतो. "आई, साय दे" म्हणायची तो. आत्ताचा नीट आठवत नाही.

पिंप किती झालं ते कळव. आणि त्यातलं एक बाटलीभर मला एसटीतून पाठव. देवापुढे ठेवीन.

आत्या


मुरुड
१८ मे २०२५

ती. आत्यास नमस्कार.

महिनाभर लिहिलं नाही, कामाची गडबड होती. बाटली एसटीतून पाठवता येणार नाही. विमानाचं इंधन आहे ते, कंडक्टर मला आणि बाटलीला एकदमच खाली उतरवेल. देवाला म्हणावं, इथूनच बघ.

पिंप भरत आलंय. सगळं ठीक आहे. उजव्या कानाला जप, डोक्यावरून पाणी घेऊ नकोस.

घाईत,
गणराज


प्रेषक : गणराज
प्रति : मनाली
१८ मे २०२५, ई-मेल

मनाली,

आत्ताच आत्याला एक पत्र लिहून पाकिटात घातलं. त्यात मी लिहिलंय की सगळं ठीक आहे. ते खोटं आहे, म्हणून हे दुसरं लिहायला बसलो.

तुला माहीत नाही, पण इथे मुरुडला एका खोलीत तुझ्या नावाचं निळं पिंप आहे. तुझ्या वाटणीचं विमानाचं इंधन त्यात साठवायचं, म्हणजे तू तुझा शब्द न मोडता घरी येशील, असं तुझ्या आईनं ठरवलंय. मी तिला वेडं म्हणायचं सोडून त्यात सामील झालो. तू म्हणालीस, "विमानात पाय ठेवणार नाही", तेव्हा ती दिवा लावत होती. त्यामुळे तिच्या लेखी तो नवस आहे. ती तुला "ये" म्हणत नाही ती रागानं नाही. तुला काही होईल या भीतीनं म्हणत नाही.

पिंप निम्म्यावर आलं होतं. धुरातून येणाऱ्या वायूत थोडं गंधक असतं, ते अडवायला आम्ही गाळणी लावतो. एप्रिलअखेर ती बदलायला हवी होती. बदलायची तर यंत्र थांबवायला लागतं, थंड करायला लागतं, परत तापवायला लागतं. आठवडा जातो. मी म्हटलं, पिंप भरू दे, मग बदलू. मला तो आठवडा बघवत नव्हता. गंधक आत गेलं आणि विरजण नासलं. सगळी भुकटी मेली. नवी भुकटी पुण्याहून यायची आहे, कधी ते सांगता येत नाही.

आणि पिंप भरलं असतं तरी काय? ते विमानात घालायची परवानगी मिळायला किती तपासण्या, किती वर्षं! आत्ता तरी ते प्रयोगशाळेत जाणार. हे मी आत्याला अजून सांगितलेलं नाही. तिचा चेहरा आठवला की लिहवत नाही.

आता ज्याच्यासाठी शपथ मोडतोय ते. तुझ्या आईचे कान जात आहेत. रेंजबिंज काही नाही, तिला ऐकूच येत नाही. डावा गेला, उजवा थोडा आहे. यंत्राचा उपयोग नाही. कानाशी तोंड नेऊन बोललं तर अजून कळतं, वर्षअखेरपर्यंत कळेल की नाही ठाऊक नाही. तिला तुझा आवाज एकदा जवळून ऐकायचाय. बाकी तिचं काही मागणं नाही.

तू काय करावंस हे मी सांगत नाही.

गणराज


प्रेषक : मनाली
प्रति : गणराज
२० मे २०२५, ई-मेल

गणू,

तुझा मेल मी ऑफिसात वाचला आणि बंदराच्या धक्क्यावर जाऊन बसले. लोक विचारत होते, काय झालं. जर्मनमध्ये हे कसं सांगतात ते मला येत नाही.

तुला काय वाटतं, मी नवस केला होता? बाबा गेले, मला येता आलं नाही, मी स्वतःवरच संतापले होते. तोंडाला येईल ते बोलत होते. आई म्हणेल, "असं नको गं बोलू, विमानं सुरू झाली की ये," एवढंच मला ऐकायचं होतं. ती गप्पच. फोनवर फक्त दुसरी काडी ओढल्याचा आवाज. मी समजले, तिनं मला माफ केलेलं नाही. नवऱ्याच्या शेवटच्या वेळी मुलगी नव्हती, तिला आता मुलगी नको आहे. पुढे पाच वर्षं ती "ये" म्हणाली नाही आणि मी दर रविवारी तिला पाऊस विचारत राहिले. आणि फोन आपटायची ती! "आवाज तुटतोय," आणि खट्.

मग मी त्या शब्दालाच धरून बसले. इथे समुद्राची पातळी मोजते, सभांमधून बोलते, लोक म्हणतात ही बघा, पाच वर्षं विमानात बसली नाही. मला ते पटतं, गणू, खोटं नाही. आपली वाडी मी विसरलेले नाही. पण घरी न जायला एक चांगलं कारण मिळालं, हेही खरं आहे.

रेल्वेनं आणि बोटीनं यायचं बघितलं. मधल्या देशांतून वाट नाही. तेव्हा विमानानंच येते. एकदाच उडेन आणि पुरेपूर राहीन, सहा महिन्यांची रजा मागितलीय. माझ्या वाटणीचा धूर होईल त्याचं मला वाईट वाटेल आणि ते मी सहन करीन.

परत जाताना मात्र मी एकटी नसेन. आईला घेऊन जाणार. ऐकू येत नसलेली बाई त्या खानावळीत एकटी कशी राहील? तिला सांगू नकोस, नाहीतर ती आधीच नाही म्हणेल. मी हळूच पासपोर्टचं बघते.

तू स्वतःला फार बोलू नकोस. घाई तुला एकट्यालाच नव्हती झाली.

मनाली


हरिहरेश्वर
१६ जून २०२५

चि. गणराज,

आशीर्वाद देते, पण तो आज जरा हात आखडून देते. शपथ मोडलीस. "सगळं ठीक आहे" असं लिहिलंस आणि त्याच बैठकीत माझ्या मुलीला माझे कान उघड करून सांगितलेस. तिचं पत्र आलं. त्यात तुझ्या विरजणाचंही आहे. गाळणी बदलायला आठवडा जातो म्हणून थांबला नाहीस! अरे, मी तुला घाई लावली, पण तू तरी शहाणा व्हायचंस. हेमांगीला माझ्यातर्फे सांग की चूक अर्धी माझी आहे.

पत्र वाचलं आणि मी ओटीवर बसून राहिले. भागुबाई घाबरली. "ताई, कोन गेलं का?" म्हणून विचारायला लागली, कानाशी येऊन. मी म्हटलं, न्हाय गं, येतंय.

पाच वर्षं, गणराज. ती माझ्या "ये" ची वाट बघत होती आणि मी तिच्या शब्दाला जपत होते. दोघीही एकीमेकीला जपत उपाशी बसलो. राग कुणावर करू?

पण शब्द तर बोलला गेलाय. ती म्हणते नवस नव्हता. तिच्या म्हणण्यानं काय होतं? दिवा होता ना! मी दोन दिवस घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. मग मला आठवलं, तुझ्या काकांना पोटाचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांची संकष्टी मीच अंगावर घेतली होती. घरातल्या एकानं उपास धरला की दुसरा सुटतो. तो उपास मी अजून करतेय, आणि ते शेवटपर्यंत संकष्टीला भात खात होते, काही झालं नाही.

झालं तर मग. परवा तिन्हीसांजेला दिवा लावताना मी मोठ्यानं म्हटलं, "मनालीचा शब्द मी घेतला. आजपासून विमान मला वर्ज्य." भागुबाईला साक्षीला उभी केली होती. ती म्हणाली, "ताई, तुम्ही एसटीत बसला तरी वकता, तुम्हाला इमानात कोन बसवतंय?" मी म्हटलं, तू गप्प राहा, तुला कळत नाही.

कारण मला कळतं. मनालीनं पत्राच्या शेवटी सहज म्हणून विचारलंय, आई, तुझ्या जन्मतारखेचा दाखला घरात आहे का, आणि पांढऱ्या भिंतीपुढे एक फोटो काढून ठेव. पोस्टमनची बायको आहे मी. पासपोर्टची पाकिटं या घरातून गावभर गेलीत. मला न्यायला येतेय ती! माझी वाडी, माझी खानावळ, माझे महाशिवरात्रीचे पुणेकर सोडून मी हॅम्बुर्गला जाऊन काय ऐकणार?

आता ती मोकळी आणि मी बांधलेली. तिनं कितीही वेळा यावं, मला नेता यायचं नाही. हे तिला तू कळवू नकोस. या वेळी शपथ घालत नाही, तुझ्या शपथेचा काही भरवसा राहिलेला नाही.

पिंप फेकून देऊ नकोस. झाकण घट्ट लाव.

आत्या


हरिहरेश्वर
५ ऑगस्ट २०२५

प्रिय गणू,

हे पत्र आहे, फोन नाही, कारण आईचा हुकूम. म्हणाली, "तुम्ही दोघं फोनवर काय शिजवता ते मला कळत नाही. पत्र लिही, म्हणजे मला वाचता येईल." तेव्हा ती हे वाचणार आहे, तू सांभाळून समज.

मी श्रीवर्धनहून रिक्षानं आले. आई दारात उभी होती, बारीक झालीय. मी विमानात सगळा वेळ ठरवत आले होते की पहिलं काय बोलायचं. तिला मिठी मारली, उजव्या कानाशी तोंड नेलं आणि ठरवलेलं सगळं विसरले. मोठ्यानं ओरडले, "आई, मी आले!"

ती म्हणाली, "ओरडतेस कशाला, ऐकू येतंय मला."

मी तिला तशीच धरून उभी राहिले. मग ती म्हणाली, "बोल ना, थांबलीस का?" मी रिक्षावाल्याबद्दल बोलले, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलले, हॅम्बुर्गच्या बेकरीबद्दल बोलले. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "घोगरा झालाय, बाबांवर गेलाय." ती माझा आवाज बघत होती, गणू, आपण कापड बघतो तसा बोटांत धरून.

आता रोज संध्याकाळी कार्यक्रम असतो. ती तुझी पत्रं घेऊन येते आणि मी ती तिच्या कानाशी वाचते. तिला पाठ आहेत, तरी वाचायला लावते. पिंपाचं पत्र तीनदा झालं. विरजण नासल्याचं तुझं पत्र मी माझ्या मोबाइलवरून वाचून दाखवलं, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "पोरगं एकटं होतं गं तिथं." काही दिवस चांगले असतात, काही दिवस मला तेच वाक्य चारदा म्हणावं लागतं. काल सकाळी काहीच ऐकू आलं नाही, दुपारी परत थोडं आलं. आम्ही दोघीही त्याबद्दल बोलत नाही. मी बोलत राहते, मिळेल तेवढा वेळ.

काल मी धीर करून तिच्यापुढे पासपोर्टचा अर्ज ठेवला. ती आत गेली, भागुबाईला घेऊन आली आणि साक्षीदारासकट मला ती संध्याकाळ ऐकवली. दिवा, शब्द, विमान वर्ज्य. भागुबाई तोंडावर पदर धरून हसत होती. मी म्हटलं, "आई, हे तू मुद्दाम केलंस." ती म्हणाली, "काय? ऐकू नाही आलं." मी परत म्हटलं. तिला परत ऐकू आलं नाही. एवढं नेमकं बहिरं होता येतं हे मला ठाऊक नव्हतं!

मी खूप चिडले. वाडीत जाऊन बसले. तिनं वादळानंतर लावलेली सुपारीची रोपं आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत, हे तिनं मला एकदाही सांगितलं नव्हतं. आम्ही पाऊसच बोलत होतो ना. तिथे बसून माझ्या लक्षात आलं की मी पाच वर्षं जे तिच्याशी केलं तेच ती आता माझ्याशी करतेय, फक्त ती ते हसत करतेय. परत आले तर तिनं ताटावर माझ्यासाठी साय काढून ठेवली होती.

मी तिला म्हटलं, कानाशी जाऊन, एकेक शब्द सावकाश, "मग तू माझ्याकडे कधी येणार?" हे तिला लगेच ऐकू आलं. म्हणाली, "गणराजला विचार. त्याचं तेल तयार झालं की माझ्याही शब्दाला बाध नाही. मी कुठे नाही म्हणतेय?"

तर विचारते. नवी भुकटी आली का? गाळणी वेळेवर बदल, हवे तितके आठवडे जाऊ देत. परवानगीला खरंच किती वर्षं लागतील ते हेमांगी मॅडमना विचारून मला खरं सांग, थापा नकोत. मला डिसेंबरमध्ये रजा संपली की परत जायचंय, आणि ती इथे दारात उभी असेल, आणि मी फोनवर बोलेन ते तिला ऐकू येणार नाही. मला कसं होईल ते मला आत्ताच कळतंय. तेव्हा मला काहीतरी भरत असलेलं हवंय, थेंबाथेंबानं का होईना.

त्या पिंपावर खडूनं माझं नाव आहे ना, ते पूस. आईचं लिही.

मनाली